अकरा रकान्यांचे कार्ड

सोमवार, दिनांक ४ जुलै १९९४. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी आमच्या विक्री विभागाच्या लांब टेबलावर पाच डायऱ्या ठेवलेल्या होत्या. असायला हव्या होत्या सहा.

सहावी डायरी वसंत तारळेकर यांच्या मांडीवर होती. काळ्या रेक्झिनची, कडा झिजलेली, सायकलच्या ट्यूबमधून कापलेल्या रबरी पट्टीने बांधलेली. तारळेकरांनी दोन्ही तळवे तिच्यावर पालथे ठेवले होते आणि ते माझ्याकडे न पाहता भिंतीवरच्या नकाशाकडे पाहत होते. सगळी कंपनी त्यांना नाना म्हणे. मी एकटा त्यांना तारळेकर म्हणत असे, कारण हजेरीपुस्तकात तेच नाव होते.

“तारळेकर, डायरी टेबलावर ठेवा,” मी म्हणालो.

“टेबल भरलंय,” ते म्हणाले.

पाचही सेल्समन हसले. टेबलावर आणखी पन्नास डायऱ्या मावल्या असत्या.

आमची कंपनी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत होती. साखर कारखान्यांच्या बॉयलरना पाणी पुरवणारे पंप आम्ही तयार करत होतो. मी तंत्रनिकेतनातून यांत्रिकीची पदविका घेतलेला माणूस. चौदा वर्षे टेस्टिंग विभागात काढून दोन वर्षांपूर्वी विक्री विभागात समन्वयक म्हणून आलो होतो. आल्यावर जे पाहिले त्याने मी अस्वस्थ झालो. कोणत्या कारखान्यात कोणाला भेटायचे, त्याचा घरचा फोन कोणता, त्याच्याकडे कोणता पंप कधीपासून चालू आहे, ही सर्व माहिती सहा माणसांच्या सहा खिशांत होती. कंपनीच्या कपाटात काहीच नव्हते. आदल्या वर्षी आमचा एक सेल्समन राजीनामा देऊन दुसऱ्या कंपनीत गेला, तो डायरीसह गेला, आणि त्याच्यामागे ब्याऐंशी ग्राहक गेले. दुसऱ्या एका कारखान्यात आमचेच दोघे एकाच दिवशी पोचले आणि दोघांनी एकाच पंपाचे दोन वेगळे दर सांगितले. त्या दिवशी धाकट्या मालकांनी, प्रसन्न शहापुरे यांनी, मला केबिनमध्ये बोलावून नियम तयार करायला सांगितले. ते पुण्याहून व्यवस्थापन शिकून आले होते आणि वडिलांच्या, म्हणजे आप्पासाहेबांच्या, निधनानंतर तीन वर्षे कंपनी चालवत होते. एकतीस जुलैपर्यंत सहाच्या सहा डायऱ्या कपाटात आल्या, तर एक सप्टेंबरपासून विक्री विभागाचे प्रमुखपद माझ्याकडे येईल, हेही त्यांनी त्याच बैठकीत सांगितले.

नियम मी तीन आठवडे घासून तयार केले होते. प्रत्येक ग्राहकाचे एक कार्ड. कार्डावर अकरा रकाने. कार्ड कंपनीच्या पोलादी कपाटात राहील आणि कोणीही सही करून ते पाहू शकेल. ज्याने शेवटची भेट दिली त्याचा त्या ग्राहकावर एकशे ऐंशी दिवस हक्क. त्या मुदतीत भेट झाली नाही, तर ग्राहक सर्वांना खुला. खाजगी डायरी कोणीही बाळगायची नाही. आजही मी तो कागद वाचला, तर त्यात एक वाक्य कमीजास्त करणार नाही.

नानांनी तो कागद वाचला, घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

“पार्टी म्हणजे काय विहिरीवरचा रहाट आहे, आष्टेकर? आज यानं ओढायचा, उद्या त्यानं?”

“ग्राहक कंपनीचा असतो. तुमचा किंवा माझा नसतो.”

“असं तुम्हाला कुठल्या पार्टीनं सांगितलं?”

मी तोवर एकाही ग्राहकाला त्याच्या जागी जाऊन भेटलो नव्हतो आणि हे नानांना पक्के ठाऊक होते. ते उठले, डायरी काखेत मारली आणि त्या दिवशीच्या फिरतीला निघून गेले.

त्यानंतरचे तीन आठवडे आमच्या विभागात कोणी कोणाशी सरळ बोलले नाही. इतर पाच जणांच्या डायऱ्या कार्डांवर उतरत होत्या आणि त्या उतरताना नवनवी भांडणे उपटत होती. एकाच चीफ इंजिनिअरच्या नावावर तिघांनी हक्क सांगितला. भेटीच्या तारखा मागे ओढल्या गेल्या. अभय लेंगरे नावाचा सत्तावीस वर्षांचा सेल्समन होता. हुशार, पायाला चाके लावल्यासारखा फिरणारा. त्याने साखर तंत्रज्ञांच्या एका परिषदेतील उपस्थितांची यादी मिळवून एका दिवसात चौसष्ट कार्डे भरली. ज्यांचे चेहरेही त्याने पाहिले नव्हते ते चौसष्ट जण नियमाप्रमाणे त्याचे झाले. बाकीचे त्याच्यावर दात धरून बसले. मी मात्र त्याचे कौतुक केले. कपाट भरत होते.

नानांनी वीस जुलैला प्रथमच कार्डे आणून दिली. एकूण एक्केचाळीस. अक्षर छापल्यासारखे, अकराच्या अकरा रकाने भरलेले. मला समाधान वाटले. ते पाचव्या कार्डापर्यंत टिकले. शेवटच्या भेटीच्या रकान्यात लिहिले होते, ‘तेराव्याला’. पुढील भेटीच्या रकान्यात, ‘अद्याप ठरलेली नाही’. एक्केचाळीसही माणसे मेलेली होती.

विभागात खसखस पिकली. लेंगरे म्हणाला, “नाना, पुढच्या भेटीची तारीख तुमची तुम्हालाच टाकायला लागणार की.”

“टाकीन. मघाशी तुझं कार्ड लिहायला घेतलं होतं. हुद्द्याच्या रकान्यात काय लिहावं तेच सुचेना.”

मी ती एक्केचाळीस कार्डे फाडली नाहीत. ‘मयत’ असा वेगळा खण करून त्यात ती अकारविल्हे लावली. नाना उभे राहून ते पाहत होते. खण बंद झाल्यावर ते मला म्हणाले, “तुमच्याशी भांडण्यात मजा नाही. तुम्ही शिवीसुद्धा फाइल कराल.”

पंचवीस जुलैला मालकांनी लेखी आदेश काढला. एक ऑगस्टपासून ज्याची माहिती कपाटात नसेल त्याची फिरती मंजूर होणार नाही. नाना तेव्हा छप्पन्न वर्षांचे होते, निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. फिरती बंद म्हणजे दोन वर्षे खिडकीशेजारच्या टेबलावर बसून टपालाला शिक्के मारणे. आदेशाचा मसुदा माझाच होता.

शुक्रवारी, एकोणतीस तारखेला, दुपारी चार चाळीसला ते माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. रबरी पट्टी त्यांनी आधीच काढून मनगटावर चढवली होती. डायरी माझ्यापुढे ठेवली आणि न विचारता खुर्ची ओढून बसले.

मी पाने उलटली. दोनशे तीन नावे. प्रत्येक नावापुढे बारीक अक्षरात तपशील. कोणाला मधुमेह आहे, कोण शनिवारी कारखान्यात सापडत नाही, कोणाच्या मुलीला कोल्हापूरला प्रवेश हवा आहे. त्यांतल्या काही नावांच्या डाव्या बाजूला पेन्सिलीने काढलेले एक लहान वर्तुळ होते. माझ्या सवयीप्रमाणे मी ती मोजली. सदतीस भरली.

“ही खूण कशाची?”

“ती तेवढी कार्डावर उतरवा.”

“कार्डात अकरा रकाने आहेत. खुणेला रकाना नाही. अर्थ सांगा, मी शेऱ्यात लिहितो.”

“अर्थ लिहायचा नसतो. या सदतीस माणसांकडं मी असेपर्यंत दुसऱ्या कुणी जायचं नाही आणि कारखान्याच्या पत्त्यावर यांना कागद पाठवायचा नाही. एवढं लिहा. बाकीचे एकशे सहासष्ट वाटून टाका, माझी काही तक्रार नाही.”

मला जे हवे होते ते मिळाले असे त्या क्षणी वाटले. पंचवीस दिवस हा माणूस मला का झुलवत होता, ते उघड झाले. दोनशेतले निवडक सदतीस ग्राहक त्याला मागच्या दाराने स्वतःकडे ठेवायचे होते. मी तसे स्पष्ट शब्दांत बोललो.

नानांनी माझ्याकडे पाहिले. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. वजन करणाऱ्या माणसाचा असतो तसा तो होता.

“तुमच्या मनात तेच येणार,” ते म्हणाले. “आष्टेकर, मी तुमच्याकडं आजवर काही मागितलं नाही. हे एक मागतोय. ती वर्तुळं उतरवा.”

“एका माणसासाठी नियम वाकवला, तर तो नियम राहत नाही.”

ते उठले. जाताना खुर्ची होती तिथे नीट सरकवून गेले.

शनिवार आणि रविवार मी कार्यालयात बसून दोनशे तीन कार्डे स्वतःच्या हाताने लिहिली. वर्तुळ एकाही कार्डावर काढले नाही. परंतु मला स्वस्थ बसवेना. त्या सदतीस ग्राहकांत समान काय आहे, हे शोधल्याशिवाय मला चैन पडले नसते. मी ती कार्डे बाजूला काढून रकान्यामागून रकाना ताडून पाहिला. गावे निराळी, हुद्दे निराळे, पंपांची संख्या निराळी. सहाव्या रकान्यात उत्तर सापडले. सदतीसही ठिकाणच्या पंपांची खरेदी जुलै ते सप्टेंबर १९८७ या तीन महिन्यांतली होती.

मला आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे. एखादा बिघाड शोधून काढल्यावर टेस्टिंगमध्ये होत असे तसाच तो होता. सात वर्षांचे पंप म्हणजे बदलायला आलेले पंप. सदतीस ठिकाणच्या ऑर्डरी म्हाताऱ्याने स्वतःच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी राखून ठेवल्या आहेत, असा हिशेब मी मांडला. त्यात आणखी एक गोष्ट होती. ते पंप मला अनोळखी नव्हते. त्या वर्षी टेस्टिंगला मीच होतो. ती संपूर्ण मालिका मी तपासली होती आणि तक्रारवहीत त्या मालिकेबद्दल आजवर एकही तक्रार नव्हती. सदतीस ठिकाणी सात वर्षांत शून्य तक्रारी. तो आकडा मी पुढे मनातल्या मनात किती वेळा उच्चारला असेन, त्याची मोजदाद नाही.

नानांच्या डायरीत भेटींच्या तारखा नव्हत्या, त्यामुळे नियमाने ते ग्राहक खुले ठरत होते; सोमवारी मी ती सदतीस कार्डे लेंगरेला दिली आणि दोघांनी मिळून पत्र तयार केले. जुने पंप परत घेऊन नवे देण्याची योजना. पत्र कारखान्याच्या कार्यकारी संचालकांना, प्रत चीफ इंजिनिअरना. पत्रात मी लिहिले की, या मालिकेतील एकाही पंपाबद्दल कधीही तक्रार आलेली नाही. सोबत उत्तराचा एक फॉर्म जोडला, सहा रकान्यांचा. पंपाच्या केसिंगवर, म्हणजे बाहेरच्या ओतीव कवचावर, क्रमांक कोरलेला असतो. तो पाहून कारखान्याच्या नोंदवहीतील क्रमांकाशी ताडून लिहावा, असे चौथ्या रकान्यात म्हटले होते. मला माझ्या फॉर्ममध्ये नोंदी अचूक हव्या असत. मंगळवारी, नऊ ऑगस्टला, सदतीस पत्रे टपालात पडली. सही माझी होती.

नानांना हे लेंगरेकडून कळले. तो मुद्दाम त्यांच्या टेबलापर्यंत जाऊन सांगून आला. त्यांनी विचारले ते एवढेच, की पत्रे गेली का जायची आहेत. गेली म्हटल्यावर ते दोन तास बाहेर होते. नंतर मला कळले की ते वसाहतीतल्या टपाल कचेरीत गेले होते, पिशवी निघाली होती, आणि तिथून त्यांनी अकरा ठिकाणी ट्रंक कॉल लावले. लागले फक्त तीन.

गुरुवार, पंचवीस ऑगस्ट. सकाळी अकराच्या सुमारास बळवंतराव पिसाळ आले. कृष्णाकाठच्या एका सहकारी साखर कारखान्याचे ते चीफ इंजिनिअर. उंच, रुंद खांद्यांचे, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले गृहस्थ. मी त्यांना पूर्वी पाहिले नव्हते, पण त्यांचे कार्ड मला पाठ होते. ते सरळ नानांच्या टेबलाकडे निघाले. मी उठून आडवा आलो.

मी त्यांना नम्रपणे समजावून सांगितले की आता आमच्याकडे नवी पद्धत आहे आणि नियमानुसार त्यांचे काम श्री. लेंगरे पाहतात.

“कोण लेंगरे?” पिसाळ म्हणाले.

लेंगरे पुढे होऊन हात जोडू लागला. पिसाळांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही.

“आणि तुम्ही कोण?”

मी नाव सांगितले. ते ऐकून त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिले आणि मग एक खुर्ची ओढून टेबलाशी बसले.

“आष्टेकर. म्हणजे तुम्हीच. बरं झालं, दोन्ही कागदांवरचा सहीवाला इथंच भेटला. बसा.”

त्यांनी पिशवीतून दोन कागद काढले आणि माझ्यापुढे शेजारी शेजारी ठेवले. उजवीकडचा मी ओळखला. माझे नऊ ऑगस्टचे पत्र. डावीकडचा पिवळा पडलेला होता. तेही आमचेच होते, १९८७ सालचे टेस्ट सर्टिफिकेट. पंपाचा क्रमांक, केसिंगचा क्रमांक, पाण्याच्या दाबाखाली केलेली चाचणी, दाब दर चौरस सेंटिमीटरला पंचेचाळीस किलो, निकाल समाधानकारक. खाली सही.

“सही बघा. दोन्हीकडं एकच आहे का नाही?”

“एकच आहे.”

“या पंचेचाळीस किलोवाल्या केसिंगला जानेवारी अठ्ठ्याऐंशीत, भर गळितात, वरून खालपर्यंत चीर गेली. तीस किलोला. कुणी जवळ नव्हतं म्हणून भाजलं नाही. बॉयलर नऊ तास बंद. गेटवर उसाच्या गाड्यांची रांग. पंप कमी दराच्या टेंडरवाल्याचा घ्यायचा सोडून मी तुमचा घ्यायला लावला होता. संचालक मंडळाला हे कळलं असतं, तर मी कमिशन खाल्लं म्हणून त्यांनी मला उभा सोलला असता. मी तारळेकरांना फोन केला. पाच तासांत नवं केसिंग जीपमध्ये घालून हा माणूस दारात हजर. स्वतः बोल्ट आवळायला बसला. मी लॉगबुकात लिहिलं, बेअरिंग गेलं. जुनं केसिंग त्यानं परत नेलं. दोघांत शब्द झाला, की हे इथंच राहील. सात वर्षं राहिलं.”

त्यांनी उजवीकडचे पत्र माझ्याकडे सरकवले.

“आता तुमच्या फॉर्मचा चौथा रकाना,” पिसाळ पुढे म्हणाले. “कार्यकारी संचालक साहेबांनी स्टोअरकीपरला पाठवून क्रमांक ताडून घेतला. वहीत सत्त्याऐंशीचा, पंपावर अठ्ठ्याऐंशीचा. केसिंग कुणी बदललं, कधी बदललं, कुणाला विचारून बदललं? सोमवारपासून मी निलंबित आहे. दहा तारखेला चौकशी आहे. सत्तावीस वर्षं नोकरी झालीय माझी.”

माझे डोळे सर्टिफिकेटवरच्या आकड्यावर खिळले होते. पंचेचाळीस. मला तो प्रेशर गेज, म्हणजे दाबमापक, आठवला. जूनमध्ये आमचा नेहमीचा गेज बिघडला होता, स्टोअरमधून दुसरा आणला होता, तो प्रमाणित करून घ्यायचा राहिला होता, आणि सप्टेंबरअखेर जुना दुरुस्त होऊन आल्यावर मी दुसरा परत करून टाकला होता. तीन महिने काटा पंचेचाळीसवर जात होता. मी काट्याकडे पाहून सही करत होतो. खरा दाब किती होता, ते आता कोणीच सांगू शकणार नव्हते. तीस तरी होता का, हेही.

“माझं एकच काम आहे,” पिसाळ म्हणाले. “एका कागदावर लिहून द्या, की चाचणी सदोष होती आणि चूक तुमच्या कंपनीची होती. चौकशीला तो ठेवला, की फार तर ताकीद देतील. नाहीतर घरी.”

मी मालकांशी बोलून कळवतो म्हणालो. ते उठले. नानांच्या टेबलापाशी थांबले. पिसाळांनी मान हलवली आणि ते निघून गेले.

लेंगरे आणि इतरांनी हळूहळू काढता पाय घेतला. मी नानांच्या टेबलापाशी गेलो. डायरी दिल्यापासून त्यांनी फिरतीचा अर्जच केला नव्हता; ते टपालावर शिक्के मारत होते.

“बाकीचे छत्तीस?” मी विचारले.

“पहिलं फुटल्यावर आप्पासाहेबांनी आणि मी विचार केला, की एक फुटलं म्हणजे सगळीच कच्ची. पुढच्या उन्हाळ्यात, कारखाने बंद असताना, फुकट सर्व्हिस द्यायची म्हणून एकेका ठिकाणी गेलो. इंजिनिअरला बाजूला घेऊन सांगितलं. छत्तीस केसिंगं बदलली. छत्तीस जणांनी आपल्या साहेबांना कळू दिलं नाही. फाउंड्रीकडून ओतकाम परस्पर आलं, म्हणून तुमच्या वहीत काही नाही.”

“मला का सांगितलं नाही? तेव्हा नाही, तर एकोणतीस जुलैला तरी?”

नानांनी शिक्का पॅडवर ठेवला.

“शब्द दिला होता. आणि सांगितलं असतं, तर तुम्ही त्याचा बारावा रकाना केला असता.”

“त्या वेळी माझी नोकरी गेली असती.”

“गेली असती. आप्पासाहेबांनी तुमचं पत्रसुद्धा टाइप करायला सांगितलं होतं. मीच नको म्हणालो.” त्यांनी माझ्याकडे पाहिले. “लगेच डोळे भरून आणू नका. तुमच्यासाठी नाही म्हणालो. टेस्टिंगचा माणूस एकाएकी काढला, की बाजारात विचारतात का काढला. तुमच्याबद्दल मला तेव्हाही काही वाटत नव्हतं, आताही वाटत नाही. माझी डायरी द्या.”

नियमानुसार डायरी कपाटात होती आणि कोणालाही परत द्यायची नव्हती. मी ती आणून दिली. त्यांनी खणातून खोडरबर काढले, पहिले वर्तुळ असलेले पान उघडले आणि ते पुसले. कागद फाटणार नाही असे, एका दिशेने. मग दुसरे. मी तिथेच उभा होतो. सदतीस पुसून होईपर्यंत त्यांनी वर पाहिले नाही. शेवटी पानांवरचा रबराचा चुरा फुंकून टाकला, मनगटावरची रबरी पट्टी डायरीला चढवली आणि डायरी माझ्या हातात परत दिली.

“आता बसते तुमच्या कार्डात,” ते म्हणाले. त्याच संध्याकाळी त्यांनी राजीनामा दिला.

मालकांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. पत्र देऊ नका, असे ते एकदाही म्हणाले नाहीत. त्यांचे म्हणणे एवढेच, की निर्णय माझा मी घ्यावा. फक्त असा कागद एका कारखान्याला गेला, की उरलेले छत्तीसही तो मागतील, आणि एक तारखेच्या माझ्या नेमणुकीच्या पत्रावर अजून त्यांची सही व्हायची आहे.

त्या आठवड्यात मी पिसाळांसाठी पत्र लिहायला बसलो. पहिला मसुदा फार लांब झाला. दुसऱ्यात गेजबद्दलचे वाक्य मोघम वाटले. तिसरा अचूक होता. तारखा, क्रमांक, दाब, दोष, जबाबदारी, सर्व काही योग्य क्रमाने होते. तो मी लिफाफ्यात घातला, पत्ता कार्डावरून उतरवला आणि टेबलाच्या खणात ठेवला. एक सप्टेंबरला नेमणुकीचे पत्र आले. दहा तारखेला चौकशी झाली.

पुढे मी एकोणीस वर्षे विक्री विभागाचा प्रमुख होतो. नानांची भेट पुन्हा झाली नाही. त्यांच्या तेराव्याला जाण्याचा मला अधिकार नव्हता. मी गेलो नाही. त्यांचे कार्ड मी लिहिले नाही.

निवृत्तीच्या दिवशी खण रिकामा करताना तो लिफाफा हाती लागला. माझ्या सवयीप्रमाणे मी एका कोऱ्या कागदावर नोंद केली, ती अशी. पाठवलेली योजनेची पत्रे, सदतीस. चौकशी झालेले इंजिनिअर, एकोणीस. नोकरी गेलेले, चार, त्यांत पहिले बळवंतराव पिसाळ. त्यांच्यासाठी लिहिलेले मसुदे, तीन. टपालात पडलेले, शून्य.